आक्कांनी न पाहिलेला गोल

"फुटबॉल बघायचा नसतो गं, ऐकायचा असतो," असं आक्का म्हणायच्या. आणि हे कुठे बसून म्हणायच्या, तर सगळ्या जगाचा फुटबॉल जिथे येणार होता त्या दोह्याजवळच्या लुसैलच्या स्टेडियमकडे पाठ करून.

तेव्हाचं लुसैल म्हणजे शहर कमी आणि शहराचा बेत जास्त. रस्ते होते, सिग्नल होते, ते वेळच्या वेळी लाल-हिरवे होत होते, पण थांबायला गाडी नसायची. ट्रामच्या चाचण्या सुरू झाल्यावर तर दिवे लावलेली रिकामी ट्राम आमच्या खिडकीसमोरून जायची. स्टेशनवर शिस्तीत थांबायची, दारं उघडायची, कुणी चढायचं नाही, मग दारं मिटून पुढे निघायची. धूळ उठली की टॉवरांचे खालचे मजले नाहीसे व्हायचे आणि वरचे नुसतेच हवेत तरंगत राहायचे. नाशिकहून लग्न होऊन आलेली मी त्या सगळ्याकडे अर्धवट झोपेत असल्यासारखी बघत असे. मला नोकरी लागली ती तिथेच, स्टेडियमभोवतीचे रस्ते आणि बागा करणाऱ्या एका कंपनीच्या साइट ऑफिसात. वाळूवर पोर्टाकॅबिनची एक रांग होती. त्यातल्या शेवटच्या केबिनमध्ये सगळी ड्रॉइंग्ज यायची, शिक्का घेऊन पुढे जायची, आणि त्या केबिनवर आक्कांचं राज्य होतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हटलं.

"काकू नको. आक्का म्हण. आमच्याकडं थोरलीला आक्का म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "चहा घेणार? घेणार असशील तर मी पण घेतो."

'घेतो' म्हणाल्यावर मी नकळत मागे वळून पाहिलं, कुणी पुरुष उभा आहे का. कोल्हापूरच्या बायका असं बोलतात हे ऐकलं होतं, पण समोरासमोर ऐकायची पहिलीच वेळ.

उंच बाई. पन्नाशी ओलांडलेली, अंबाडा घट्ट, कुर्त्याखाली बूट, आणि चाल अशी की पोर्टाकॅबिनची जमीन थरथरायची. आम्हा सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्राची कंपनीची निळी दोरी. आक्कांनी ती काढून स्वतः शिवलेली जांभळी-पांढरी दोरी लावली होती. सुरक्षेवाल्यांनी दोनदा हटकलं, मग नाद सोडला. त्यांचे यजमान हमद पोर्टवर नोकरीला होते. ते गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं आता ही परत जाणार. मुलगी पुण्यात, सुखात. पण आक्का राहिल्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तिकडं जाऊन बोलू कुणाशी?" मला ते कोडंच वाटलं. कोल्हापुरात काय बोलायला माणसांची कमी असते?

आमचा मॅनेजर इजिप्तचा, मनाने चांगला, फुटबॉलचा वेडा. एका बैठकीत त्याने प्रत्येकाला विचारलं, कप कोण जिंकणार? कुणी ब्राझील म्हणालं, कुणी अर्जेंटिना. आक्कांची पाळी आली.

"माय टीम इज नॉट प्लेइंग," आक्का शांतपणे म्हणाल्या.

"कुठली टीम, मॅडम? इंडिया?"

"तालीम."

मॅनेजर गोंधळला. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. त्याला वाटलं, भारताच्या शिक्षण खात्याचा काही संघ असावा. "व्हेरी गुड, व्हेरी गुड," तो आदराने म्हणाला. "एज्युकेशन इज इम्पॉर्टंट." आक्कांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आक्का, त्यांना समजावून का नाही सांगितलंत?"

"काय समजावू? तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, पण आखाड्याची फुटबॉल टीम असती, आणि टीम आखाड्याची न्हाई तर पेठेची असती, आणि पेठ म्हणजे काय हे कळायला त्या पेठेत जन्मावं लागतंय? जाऊ दे. शिक्षणच हाय की ते."

मला मात्र त्यांनी समजावलं. चहाच्या सुट्टीत, थोडं थोडं. कोल्हापुरात पेठेपेठेची टीम असते. मुलगा चालायला लागायच्या आधी त्याची टीम ठरलेली असते. आक्कांच्या तालमीने स्पर्धा जिंकली होती ती त्यांच्या जन्माआधी. त्यानंतर फायनलला पोचायचं आणि हरायचं, हीच रीत. आक्कांचे वडील, आबा, शिंपी होते आणि टीमच्या जर्सी तेच शिवायचे. जांभळं कापड हवं तसं मिळत नसे म्हणून पांढरं आणून रंगवून घ्यायचे. पावसात सामना झाला की रंग सुटायचा, आणि मग आक्का सांगायच्या, "आमची टीम खेळली त्या मैदानावर जांभळी डबकी राहायची."

लहानपणी त्या आबांच्या खांद्यावर बसून मॅच बघायच्या. फ्रॉक घालायचं वय सरलं तसं आजीने फर्मान काढलं, पोरीच्या जातीने मैदानावर जायचं नाही. घर स्टेडियमच्या मागच्या अंगाला. आक्का माडीवर जाऊन कौलांना कान लावून बसायच्या. तिथून काही दिसायचं नाही, पण सगळं ऐकू यायचं. बॉल बाहेर गेला की गर्दी कशी उसासते, कॉर्नर मिळाला की कशी दबते, आपला गोल झाला की आवाज कुठून उठतो आणि दुसऱ्यांचा झाला की कुठून. मॅच संपून आबा घरी यायच्या आत आक्कांनी आईला निकाल सांगितलेला असायचा.

ती सवय त्यांनी दोह्यात आणली होती. कोल्हापूरची पोरं आता मोबाईलवरून मॅच दाखवतात. आक्का मॅच लावायच्या आणि फोन टेबलावर पालथा घालायच्या. त्यावर हात ठेवून डोळे मिटून बसायच्या. केबिनमध्ये एसीची घरघर, बाहेर क्रेनचे भोंगे, आणि पालथ्या फोनमधून कुठल्यातरी दूरच्या दुपारचा गलका. मला तो सगळा एकच आवाज वाटे. आक्का डोळे न उघडता म्हणायच्या, "ऑफसाइड होता. पंच बघालाच न्हाई," आणि काही क्षणांनी निवेदक तेच सांगायचा.

भावाचं नाव त्यांनी बरेच दिवस घेतलं नव्हतं. ते निघालं तेही रागानेच. कुणाशी तरी फोनवर बोलताना त्या एकदम म्हणाल्या, "त्याचं काय मला सांगालास?" आणि फोन ठेवला. मग बराच वेळ एक ड्रॉइंग उलगडत आणि गुंडाळत राहिल्या. शेवटी आपणहून बोलल्या.

भाऊ त्यांच्याहून धाकटा. आई लवकर गेली, त्याला आक्कांनीच वाढवला. बॉल त्यांनीच त्याच्या पायाशी टाकला, बोळात, चिंध्यांचा. पुढे तो तालमीचा फॉरवर्ड झाला आणि पेठेतली पोरं त्याच्यासारखे केस कापायला लागली. मग एका वर्षी वस्तादांशी त्याचं वाजलं. कारण अगदीच क्षुल्लक, सरावाला उशीर की काहीतरी. वस्तादांनी अख्खा मोसम त्याला बाहेर बसवला. पुढच्या मोसमात तो समोरच्या पेठेच्या टीममधून मैदानात उतरला. आणि फायनल नेमकी त्याच दोन टीममध्ये लागली.

"गोल त्यानंच मारला," आक्का म्हणाल्या. "मी माडीवर होतो. आवाज त्यांच्या बाजूनं उठला. मला वाटलं, कुणीही असू दे, हा नसू दे."

आबांनी त्या रात्री त्याची जुनी जर्सी काढली, पाठीवरचा नंबर एकेक टाका उसवून वेगळा केला आणि दुसऱ्या दिवशी तो एका नव्या पोराच्या जर्सीला लावला. मुलाशी ते पुन्हा बोलले नाहीत. आबा गेले तेव्हा भाऊ आला होता. अंगणाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला आक्का.

"तुम्ही पण नाही बोललात?"

"आबा बोलत नव्हते तर मी कसं बोलणार?" त्या म्हणाल्या. "आणि नंतर बोलायचं काय असतंय, तेच विसरलो."

ज्या वर्षी हिवाळ्यात वर्ल्ड कप व्हायचा होता, त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आक्कांची तालीम फायनलला पोचली. समोर पुन्हा तीच पेठ.

रविवार होता, पण तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणजे आमचा कामाचा दिवस. मॅनेजरला झाडांच्या ड्रॉइंगचा गठ्ठा संध्याकाळच्या आत पाठवायचा होता. दुपारी तो दारात आला, "मॅडम, यल्ला, सबमिशन..." आक्कांनी डोळे मिटलेलेच ठेवून एक हात वर केला, ट्रॅफिक पोलीस करतो तसा. तो मागच्या पावली गेला. मी गठ्ठ्याचं काम हातात घेतलं, पण लक्ष सगळं त्या पालथ्या फोनकडे.

गोल होत नव्हता. पहिला अर्धा संपला, दुसरा संपत आला. आक्कांच्या कपाळावर एसीतही घाम. "आपली पोरं दमल्यात," त्या पुटपुटल्या. मग एकदम ताठ झाल्या. "कॉर्नर."

गर्दीचा आवाज दबला. खरंच दबला, मलाही कळलं. आणि तिथेच आवाज थांबला.

आम्हाला वाटलं, गर्दीने श्वास रोखलाय. पण तो फारच वेळ रोखलेला राहिला. मी फोन उलटा केला. पडद्यावर गोल चक्र फिरत होतं. स्टेडियमवर एवढी माणसं लोटली होती की प्रक्षेपणच बंद पडलं होतं. आक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला, पुन्हा पालथा ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसल्या. जणू तो हात काढला तर पलीकडचं सगळं सांडून जाईल. बाहेर रिकामी ट्राम येऊन थांबली, दारं उघडली, मिटली.

मग मेसेज यायला लागले. टिंग, टिंग, टिंग. गल्लीतल्या शेजारणीचा पहिला: जिंकलो.

मी किंचाळले. आक्का हलल्या नाहीत.

"आक्का, जिंकलात तुम्ही!"

"आवाज ऐकला न्हाई मी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या ऑफिसला पेढे वाटले. फिलिपिनो सर्व्हेअर, केरळचे इंजिनिअर, नेपाळी सुरक्षारक्षक, सगळ्यांना. कुणालाच काही कळलं नाही, सगळ्यांनी हात जोडून, छातीवर हात ठेवून अभिनंदन केलं. मॅनेजर दोन पेढे खाऊन म्हणाला, "मबरूक, मॅडम! एज्युकेशन विन्स!" आक्का हसल्या, शुक्रन म्हणाल्या. पण त्यांच्या हसण्यात काहीतरी अडकलेलं होतं. एवढी वर्षं वाट पाहून ताट समोर आलं आणि शेजारी बसून जेवायला कुणी नाही, असा काहीसा त्यांचा चेहरा होता.

मिरवणुकीचे व्हिडिओ आले, गुलालात न्हालेली पोरं आली, पण तो गोल कुणाकडेच नव्हता. ज्यांनी मोबाईल धरले होते त्यांचे हात ऐनवेळी वर गेले, आणि त्यात दिसत होतं नुसतं आभाळ. शेजारीण म्हणाली, डोक्याने मारला. तिचा नवरा म्हणाला, डाव्या पायाने. तिच्या भाच्याच्या मते समोरच्यांच्याच खेळाडूला लागून आत गेला. आक्का आठवडाभर फोन करत राहिल्या.

"ह्यांना खेळ कळत न्हाई," त्या मला म्हणाल्या. "ह्यांनी नाचायला सुरुवात केली, बघितलं कुणी? ज्याला कळतंय असा तिथं एकच माणूस होता."

कोण, ते मी विचारलं नाही.

"आज मला समैस्म्याला ने," त्या म्हणाल्या.

समैस्मा म्हणजे लुसैलच्या उत्तरेला समुद्राकाठचं शांत गाव. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य पाठीमागे वाळवंटात उतरत होता आणि समोरचं पाणी इतकं स्थिर आणि फिकट होतं की कुठे संपून आभाळ सुरू होतंय ते कळत नव्हतं. ओहोटी होती. दूरवर एक माणूस पाण्यात चालत होता, घोट्याएवढ्या पाण्यात, आणि क्षितिजापर्यंत चालत जाईल असं वाटत होतं. आक्कांनी बूट काढले, ओल्या वाळूवर फतकल मारली. भावाचा नंबर त्यांच्याकडे होता. किती वर्षांपासून, देव जाणे. फोन स्पीकरवर ठेवला आणि मांडीवर पालथा घातला.

पलीकडे उचलला गेला. आखाती देशाचा नंबर बघून त्याला कळलं असावं.

"आक्का?" जाडसर, थकलेला पुरुषी आवाज. "आक्का, तू हाईस न्हवं?"

मी तिथून उठून जावं की काय असं मला वाटलं, पण आक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"गोल कसा झाला?" त्या म्हणाल्या.

बरा आहेस का नाही, कसा आहेस नाही. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य ते.

पलीकडे त्याने घसा खाकरला. आणि त्याच्याच टीमवर झालेला तो गोल तो सांगू लागला.

"कॉर्नर तुमच्या उजव्या अंगाचा. बारक्या पोरानं मारला, आत वळणारा. आमचा गोली एक पाऊल पुढं आला, तिथंच चुकला. बॉल सगळ्यांच्या डोस्क्यावरनं गेला. लांबच्या खांबापाशी तुमचा एक जण एकटा हुता. त्याला कुणी धरलंच नव्हतं, आक्का. त्यानं मारायची घाई केली न्हाई. छातीवर घेतला, खाली पडू दिला, आणि मग डाव्या पायानं हळूच, अगदी हळूच सरकवला. आमच्या एका पोराच्या टाचेला पुसटसा लागला. त्यानं काय फरक पडला न्हाई, जायचाच हुता तो."

"जोरात न्हाई मारला?"

"न्हाई. हळूच."

"मग?"

"मग तुमची बाजू उठली. आमची सगळी पेठ गप्प बसली. आणि मी उभा राहिलो."

"कुठं?"

"तिथंच. आमच्या पोरांच्या मधे. का उभा राहिलो मला म्हाईत न्हाई. टाळ्या वाजवालोय, आणि सगळे माझ्याकडं बघालेत. शर्ट धरून खाली बसवला मला."

आक्का हसल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि हसता हसता त्या कधी रडू लागल्या ते त्यांनाही कळलं नसेल. पलीकडून तो "आक्का, आक्का" करत होता. पदर नव्हता म्हणून त्यांनी माझ्या ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "परत सांग. कॉर्नरपासनं."

तो उन्हाळा मला त्या गोलाचाच आठवतो. रोज संध्याकाळी सुटलो की माझ्या गाडीत आक्कांचा फोन लागायचा. बाहेर भाजून पांढरं झालेलं आकाश, दिव्यांच्या खांबांवर नवे झेंडे चढवणारे कामगार, आणि आत एक माणूस कोल्हापुरातल्या आपल्या अंगणात बसून तोच कॉर्नर पुन्हा मारायचा. गोल दर वेळी थोडा लांबायचा. पोराने बॉल ठेवण्याआधी जागा पायाने दाबली, हे एकदा आलं. गोलीने आभाळाकडे बघितलं, हे दुसऱ्यांदा. एके दिवशी बॉल खाली पडत असताना भाऊ मधेच म्हणाला, "आबांनी हे बघाय पाहिजे हुतं," आणि आक्का म्हणाल्या, "पुढं सांग." पण आवाज मऊ होता. बॉल छातीवरून पायापर्यंत यायला काही संध्याकाळी इतका वेळ लागे, की लुसैलहून निघताना हवेत असलेला बॉल त्यांच्या बिल्डिंगखाली गाडी थांबली तरी टेकलेला नसे. मला वाटायचं, आक्कांना तो टेकवायची घाईच नाही. लोक जिंकतात आणि विसरतात. ह्या बाईने एक गोल अख्खा उन्हाळा जिभेवर विरघळवला.

ऑक्टोबर संपता संपता शहर अनोळखी दिसायला लागलं. टॉवरांवर खेळाडूंची चित्रं, रस्त्यात ढोल, मेट्रोत नाना देशांची माणसं. ज्यांनी त्या परिसरात काम केलं त्या आम्हा सगळ्यांना कंपनीने एकेका सामन्याचं तिकीट दिलं. लोक हरखले. आक्कांनी आपलं तिकीट एका नेपाळी सुरक्षारक्षकाच्या हातात ठेवलं आणि त्याच दिवशी राजीनामा दिला.

मॅनेजर धावत आला. "मॅडम, आता? सगळं जग येतंय! एक महिना थांबा!"

"सर, माय सीझन इज स्टार्टिंग," आक्का म्हणाल्या.

विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेले. येणाऱ्यांच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती; रंगवलेले चेहरे, टोप्या, गाणी. जाणाऱ्यांच्या बाजूला आम्ही दोघी आणि एक ट्रॉली. सगळं जग फुटबॉल बघायला दोह्यात उतरत होतं, आणि ही बाई फुटबॉल बघायला दोहा सोडून चालली होती.

"भाऊ येणार आहे ना घ्यायला?" मी विचारलं.

"येतोय की. त्याच्याच घरी उतरणार. समोरच्या पेठेत." नाक मुरडून त्या म्हणाल्या, पण डोळे चमकत होते. "पहिली मॅच त्यांचीच आणि आमचीच हाय."

"मग बसणार कुठे? त्यांच्या बाजूला की तुमच्या?"

"ते अजून ठरलं न्हाई. त्यो म्हणतोय माझ्याशेजारी बस. मी म्हणालो, तुझ्या बाजूला मी मेलो तरी बसणार न्हाई. त्यावर काल फोनवर तासभर भांडलोय आम्ही." त्यांनी ट्रॉली सरळ केली, माझ्या गालावरून हात फिरवला. "इतकी वर्षं नुसता अबोला होता गं. आता जातो, आणि समोर बसून भांडतो."

असं म्हणून आक्का वळल्या आणि त्यांच्या त्या दणदणत्या चालीने आत निघून गेल्या. माणसं खूप वर्षांनी घरी जाताना मागे वळून बघतात. त्यांनी काही पाहिलं नाही.